अफरवतच्या उतारावरून परत

रविवार, जुहू

ओहोटीची वेळ पाहून आम्ही तिघं पहाटे साडेपाचला जुहूच्या वाळूत उभे होतो. दादा म्हणजे माझा आत्येभाऊ. त्याने गुलमर्गच्या स्कीईंग आणि पर्वतारोहण संस्थेत दोन कोर्स केलेत आणि चार हिवाळे तिथे काढलेत. त्याची मुलगी, माझी भाची, बावीस वर्षांची. मी मातीपरीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. इमारतीचा पाया घालायच्या आधी जमिनीखालचे थर तपासायचे, हे माझं रोजचं काम. स्कीईंग मी तीन वर्षांपूर्वी शिकले. आता गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर जायचं होतं, आणि आखलेल्या उताराबाहेर जायची माझी ही पहिलीच खेप.

सरावाचा बेत असा होता: अ‍ॅव्हलांच बीकन (हिमकड्याखाली, म्हणजे सुटून कोसळलेल्या बर्फाखाली, गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं, सिग्नल देणारं-घेणारं छोटं यंत्र) चालू करून डब्यात ठेवायचा, डबा वाळूत पुरायचा आणि दुसऱ्याने शोधून खणून काढायचा. भाचीने घरून स्टीलचा डबा आणला होता. स्टीलमधून सिग्नल नीट बाहेर येत नाही, म्हणून पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा घेतला. जगभरातले बीकन ४५७ किलोहर्ट्झ या एकाच लहरीवर बोलतात, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी एकाचा दुसऱ्याला सापडतो. मोबाईल मात्र लांब हवा. शोधताना निदान अर्धा मीटर, नाहीतर आकडे भरकटतात. मी फोन खिशात विसरले होते. बाण मला पंधरा पावलं उलट्या दिशेला घेऊन गेला, तेव्हा दादा लांबून ओरडला, "फोन! फोन काढ आधी!"

अंतराचे आकडे उतरत उतरत १.२ मीटरवर आले की यंत्र जमिनीलगत धरायचं, आडव्या-उभ्या रेषेत फिरवायचं आणि जिथे आकडा सगळ्यात लहान तिथून प्रोबची लांब काठी टोचत जायची. वीत-वीत अंतरावर, गोल गोल. काठी डब्याला लागली की हाताला कळतं, वाळूचा खरखरीतपणा जाऊन एकदम पोकळ ठोका लागतो. काठी तिथेच ठेवायची, काढायची नाही. फावडं चालवायचं ते काठीच्या वर उभं राहून नाही, उताराच्या खालच्या अंगाला जाऊन, आडवं आत शिरत.

शोधायला मला चार मिनिटं लागली, खणायला अकरा. ओली वाळू मुद्दाम निवडली होती, कारण कोसळून थांबलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, तो थिजून सिमेंटसारखा घट्ट बसतो. मीटरभर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनाच्या वर बर्फ उपसावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या नोंदी सांगतात की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण जगतात. अर्ध्या तासाला ते प्रमाण दहात तीनवर येतं. बहुतेक जण गुदमरतात. म्हणजे वाचवायला वरून हेलिकॉप्टर येणार नसतं. शेजारी असतो तोच वाचवतो, नाहीतर कोणी नाही.

फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ बघत थांबले होते. "काय हरवलंय, बाळा?" त्यांनी भाचीला विचारलं. तिने खरं ते सांगितलं. आजोबांनी चप्पल बाजूला काढली आणि आमच्याबरोबर पाच मिनिटं हातांनी वाळू ओढली.

मंगळवार, मुंबई ते गुलमर्ग

पहाटेचं विमान, दुपारी श्रीनगर, तिथून छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटर गुलमर्ग. एक बॅग आली नाही. नेमकी तीच, फावडी आणि प्रोब असलेली. काउंटरवरच्या माणसाने उद्या संध्याकाळपर्यंत येईल असं सांगितलं. तंगमर्गला चाकांना साखळ्या चढवल्या आणि देवदारांतून वर निघालो.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. हॉटेलच्या खोलीत बुखारी पेटलेली, तिच्यावर पाण्याची किटली. आमचे गाईड संध्याकाळी आले. तंगमर्गजवळच्या गावातले, पंचावन्नच्या पुढचे, फेरनच्या सैल झग्यात निखाऱ्यांची कांगडी धरून बसणारे. आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो. मीठ घातलेला गुलाबी नून चहा पिता पिता मला वाटलं होतं ते उद्याच्या वाटेबद्दल बोलतील. त्यांनी बोलायला सुरुवात केली नोव्हेंबरपासून.

नोव्हेंबरच्या शेवटी गुडघ्याच्या खाली बर्फ पडला आणि राहिला. मग चिल्लई कलान लागला. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरच्या हिवाळ्यातले सगळ्यात कडक. यंदा त्यातले तीन आठवडे कोरडे गेले. आभाळ निरभ्र, रात्री हाडं फोडणारी थंडी, आणि जमिनीवर तो जुना पातळ बर्फ तसाच. जानेवारीच्या अखेरीस मोठा बर्फ आला. आता पश्चिमेकडून आणखी एक येतोय.

हे सगळं त्यांनी आजाऱ्याचा पूर्वेतिहास सांगावा तसं सांगितलं. माझ्या कामातही बोअरिंगचा अहवाल वाचताना पहिल्या मीटरवर नजर थांबवून चालत नाही, दुखणं खाली असतं. पण तिथे थर शेकडो वर्षांत बसलेले असतात. इथे एका हिवाळ्यात बसतात आणि बसल्यावरही बदलत राहतात.

बुधवार

बॅग नाही, म्हणजे फावडी नाहीत, म्हणजे आखलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. यावर चर्चासुद्धा झाली नाही. दिवसभर खालच्या सोप्या उतारांवर पाय मोकळे केले. स्कीच्या तळाला चिकटवायच्या स्किन्स लावून चढायचा सराव केला. या पट्ट्यांची लव एकाच दिशेला वळलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. दुपारी दोनला बर्फ सुरू झाला. बॅग रात्री आठला आली.

गुरुवार

गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, बंद. सकाळी खिडकीबाहेर खोचलेल्या पट्टीवर चोवीस तासांचा नवा बर्फ ५२ सेंटिमीटर. आणि वारा नैऋत्येकडून. आकड्यापेक्षा भाईजान वाऱ्याकडे जास्त बघत होते. आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने वारा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या अंगावर नेऊन टाकतो, म्हणजे त्या बाजूला ५२ चे १०० सहज होतात. दुपारी वारा पडला आणि वरून दोन-तीन दबके आवाज आले. स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाची, माणसं स्फोटकं लावून उतार मोकळे करत होती.

बाकी दिवस बुखारीपाशी गेला. गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गचा विषय निघाला. ८ फेब्रुवारी २०१० ला तिथे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणाच्या तुकडीवर हिमकडा आला आणि १७ जवान गेले. २०२३ च्या १ फेब्रुवारीला अफरवतच्या हापतखुडला दोन पोलिश स्कीपटू, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. भाईजान बोटांवर मोजत नव्हते, पण प्रत्येकाच्या आधी किती दिवस काय हवा होती हे त्यांना पाठ होतं.

शुक्रवार

हा दिवस मला नीट लिहायचाय.

खिलनमर्गच्या दिशेने झाडीच्या कडेने दोन तास चढलो. आम्हाला शनिवारी जो उतार उतरायचा होता तो ईशान्येकडे तोंड करून आहे. खड्डा खणायला जागा त्याच दिशेची हवी, पण धोक्याची नको. भाईजाननी झाडांलगतचा चोवीस अंशांचा एक छोटा उतार निवडला, ज्याच्या डोक्यावर काही नव्हतं. कोन मोजायला माझ्याकडे होकायंत्रातलंच क्लिनोमीटर होतं. लादीसारखे सुटणारे बहुतेक हिमकडे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, सगळ्यात जास्त अडतिसाच्या आसपास. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, थोडाथोडा गळून जातो. तिशीच्या खाली तो सहसा सरकत नाही. डोळ्याला मात्र अठ्ठावीस आणि पस्तीस सारखेच दिसतात. मी आधी अंदाज बांधायची आणि मग मोजायची. पाच वेळांपैकी चार वेळा चुकले.

खणत खणत जमिनीपर्यंत गेलो. एक मीटर साठ. उन्हाची तिरीप पडणार नाही अशी भिंत फावड्याने साफ तासली. सुरुवातीला सगळं पांढरंच दिसलं. मग मी हातमोजा काढून भिंतीवरून वरून खाली बोटं फिरवली आणि थर हाताला लागले.

वरचे पन्नास सेंटिमीटर इतके मऊ की अख्खी मूठ आत जात होती. त्याखाली साठेक सेंटिमीटर घट्ट, फक्त एक बोट शिरेल असा. तो जानेवारीअखेरचा बर्फ, वाऱ्याने दाबून बसवलेला. मग पापडासारखी पातळ कडक कपची, पेन्सिलने भोसकावी लागणारी. आणि तिच्याखाली, जमिनीपर्यंत, बोट एकदम आत गेलं. आतून साखर ओतावी तसा बर्फ भळभळून हातावर आला.

ओंजळीत घेऊन दाबला, गोळा होईना. काळ्या पत्र्यावर चार दाणे टाकून भिंगाखाली धरले. एकेक दाणा तीन-चार मिलिमीटरचा, तळाशी उघडा, उभ्या रेघांचा छोटा पेला. खडीसाखरेच्या खड्यासारखी चमक. इतकं देखणं काही मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्याच वेळी पोटात गोळा आला. कारण लॅबमध्ये कोरडी, एकसारख्या दाण्यांची वाळू आली की आम्ही लिहितो: चिकटपणा शून्य. हे तेच होतं आणि याच्या डोक्यावर मीटरभराहून जास्त बर्फ उभा होता.

हे दाणे आभाळातून असे पडत नाहीत, ते जागेवर तयार होतात. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा बर्फ निरभ्र रात्री उणे पंधरापर्यंत गार पडतो. बर्फ पातळ असला की हा सगळा फरक चाळीसेक सेंटिमीटरमध्ये मावतो. दर दहा सेंटिमीटरला एका अंशाहून जास्त फरक पडायला लागला की खालची वाफ वेगाने वर चढते, जुने दाणे झिजतात आणि वाफेवर नवे, कोनेरी दाणे वाढतात. शेजाऱ्याशी त्यांची गाठ बसत नाही. नोव्हेंबरचा पातळ बर्फ, चिल्लई कलानचे ते तीन कोरडे आठवडे… भाईजाननी मंगळवारी सांगितलेली गोष्ट आता माझ्या तळहातावर होती.

मग चाचणी. भिंतीतून तीस सेंटिमीटर रुंद, तीस खोल असा खांब करवतीने आणि गाठी मारलेल्या दोरीने मोकळा केला. वर फावड्याचं पान ठेवायचं आणि हाताने थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भाची मोजत होती. मनगटाच्या दहा झाल्या, काही नाही. कोपरातून तिसऱ्या थापेला, म्हणजे तेराव्याला, कपचीखालून वरचा अख्खा भाग एका झटक्यात माझ्या मांडीवर सरकला. कापाचा पृष्ठ आरशासारखा सपाट.

दुसरी चाचणी लांब खांबाची, रुंदी नव्वद, आणि थापा फक्त एका टोकाला. यात बघायचं असतं की तडा सुरू होतो तिथेच थांबतो की धावतो. चौदाव्या थापेला तो उमटला आणि त्याच थापेला दुसऱ्या टोकाला पोचला. कपाटाचा खण बाहेर ओढावा तशी नव्वद सेंटिमीटरची लादी एकसंध बाहेर आली. कोणी काही बोललं नाही.

उभ्या उतारावर लादी, कच्चा थर आणि ढोसणारा, एवढं जमलं की हिमकडा सुटतो. लोक समजतात तो आपोआप वरून येतो. स्कीवर हिमकड्यात सापडलेल्या दहांपैकी नऊ घटनांत तो त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्याच गटातल्या कोणी सोडवलेला असतो.

भाचीने विचारलं, "आत्या, आपण वीस मीटर पलीकडे खणलं असतं तर वेगळं आलं असतं का?"

आलं असतं, कदाचित. खडकाजवळ बर्फ पातळ असतो आणि तिथे कच्चा थर जाड. दुसरीकडे लादी इतकी जाड की माणसाचं वजन तिथवर पोचतच नाही. मातीतही एका बोअरवरून मी अख्ख्या प्लॉटवर सही करत नाही. मी भाईजानना तोच प्रश्न हिंदीतून टाकला. ते म्हणाले की खड्ड्याने नको म्हटलं तर तिथेच ऐकायचं. त्याने हो म्हटलं तर अजून विचारत राहायचं, कारण त्याने फक्त स्वतःपुरतं हो म्हटलंय.

मी वहीत लिहिलं: ईशान्य, २४ अंश, १६० सेंमी, तळाला साखर, १३, लांब खांब १४ ला पूर्ण. दादाने वही हातात घेतली, वाचली, परत दिली. "तो वरचा उतार गेल्या चार वर्षांत मी सहा वेळा उतरलोय," तो म्हणाला.

शनिवार, अफरवत

लखलखीत सकाळ. धोक्याची पातळी पाचपैकी तीन, असं पेट्रोलकडून कळलं. तीन हा मधला आकडा वाटतो, पण युरोपातल्या नोंदींत सगळ्यात जास्त माणसं तीनच्याच दिवशी जातात. चार आणि पाचला वातावरणच सांगतं घरी बसा. तीनला ऊन असतं, ताजा बर्फ असतो, आणि सुट्टीचा शेवटचा दिवस असतो.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर. उत्तरेला नंगा पर्बत इतका स्वच्छ होता की भाची तिथेच थांबली. ८,१२६ मीटर, सगळ्या काश्मीर खोऱ्याच्या पलीकडे, एकटा. गेटपाशी एकेकाचा बीकन तपासून आम्ही डोंगराच्या कण्यावरून चालायला लागलो, वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून.

अर्ध्या तासाने सपाटीवर, जवळजवळ उतार नाहीच अशा जागी, पायाखाली धप्प झालं. आवाज कानांपेक्षा पोटात जास्त ऐकू आला. पायाखालचा सगळा बर्फ एखादा सेंटिमीटर खाली बसला आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक तडा सरळ चार मीटर पळत गेला. साखरेचा थर आमच्या वजनाने खाली दबला होता. तिथे कोन असता तर लादी निघाली असती. सपाटीवर झालेला असा तडा धावत जाऊन वरचा उभा उतारही सोडवू शकतो, हे मला भाईजाननी नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यांनी फक्त हात वर केला आणि आम्ही थांबलो.

उताराच्या माथ्यापासून लांबूनच मी कोन घेतला. छत्तीस. वाऱ्याने कडेला गुबगुबीत गादी रचली होती, खाली उतार आवळत घळीत जात होता, म्हणजे जे सुटेल ते एका जागी खोल साचणार. त्यावर एकही रेघ नव्हती. काल रात्रीपासून दादाच्या डोळ्यांसमोर हाच उतार होता हे मला माहीत होतं.

"एकेकाने गेलो तर?" तो म्हणाला. "मी आधी जातो. डाव्या अंगाने, खडकाला धरून."

"खडकालाच बर्फ पातळ आहे, दादा. तिथेच तो पटकन सुटतो."

"अगं, सहा वेळा गेलोय मी इथून."

"त्या सहा वेळी तळाला हे होतं का, तू बघितलं होतंस?"

तो गप्प राहिला. भाची त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही, ती खाली घळीकडे बघत होती. इर्शाळवाडीनंतरच्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये डोंगरउताराच्या मातीचे नमुने रांगेने आले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्रीपर्यंत ते गाव त्या उताराखाली पिढ्यान्‌पिढ्या झोपत होतं. इतकी वर्षं काही झालं नाही, हे वाक्य मी तेव्हापासून पुरावा म्हणून ऐकू शकत नाही. हे मी दादाला तिथे सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मी येत नाही. आणि तिला पाठवायला माझी तयारी नाही."

भाईजान मध्ये पडले नाहीत. त्यांनी स्किन्स पुन्हा नीट चिकटवायला घेतल्या, परतीच्या. मिनिटभराने दादानेही वाकून स्वतःच्या पट्ट्या नीट चिकटवल्या.

कण्यावरून आलो त्याच रेघेने परत आलो आणि पेट्रोलने मोकळ्या केलेल्या वाटीसारख्या बाऊलमधून उतरलो. त्या उतरणीचा आनंद मी कमी करून सांगणार नाही. गुडघाभर ताजा बर्फ, मागे उडणारी पांढरी धूळ, भाचीचं वळणावळणावर ओरडणं… कोंगडोरीला पोचेपर्यंत माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि मी हसत होते.

दुपारी चारला हॉटेलच्या गच्चीवरून दादा दुर्बिणीतून वर बघत होता. त्याने दुर्बीण माझ्याकडे दिली. आमच्या त्या उतारावर चार रेघा होत्या. सुंदर, एकमेकींना लागून, थेट घळीपर्यंत. कोणीतरी गेलं होतं आणि उतार तसाच उभा होता.

"बघ," तो म्हणाला. एवढंच.

मी बराच वेळ बघत राहिले. त्या चौघांना लादीची पातळ जागा लागली नाही. ती चार हात उजवीकडे होती की चाळीस, की नव्हतीच, हे ते उतरून आल्यामुळे कळत नाही. चुकीचं पाऊल टाकल्यावर प्रत्येक वेळी डोंगर कोसळत असता तर लोक एका हिवाळ्यात शिकले असते. तो बहुतेक वेळा जाऊ देतो, आणि गेलेल्याला वाटतं आपण बरोबर होतो. हे सगळं दादाला सांगावं असं वाटलं. पण त्याचा चेहरा बघून मी दुर्बीण खाली ठेवली आणि चहा सांगितला.

सोमवार, मुंबई

काल रात्री उशिरा उतरलो. दाराबाहेर पडताच दमट हवा चिकटली आणि भाचीने जॅकेट काढून कमरेला बांधलं. दादा टॅक्सीत माझ्याशेजारी बसला होता, पण विषय ऑफिसचे, शाळेचे, काकूच्या गुडघ्याचे. शनिवारबद्दल कोणीच बोललं नाही.

आज सकाळी बाल्कनीतल्या दोरीवर स्किन्स वाळत घातल्या आणि बीकनमधल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या. मग लॅबला न्यायची बॅग भरताना बर्फाची वही वर आली. शुक्रवारच्या पानावर माझे आकडे. शनिवारचं पान मी कोरं सोडलं होतं, काय लिहावं हे ठरेना म्हणून. विमानात वही दादाकडे होती हे तेव्हा आठवलं. पानाच्या मधोमध त्याच्या उभट अक्षरात तीन ओळी होत्या.

उतार ३६. तळाचा थर कालचाच.
सपाटीवर एकदा धप्प, तडा ४ मी.
परत फिरलो.